टोलेडोतले साठ माळी

मंडळी, आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यात एकदाही गोल्फ खेळलेलो नाही. येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबवरून रोज ऑफिसला जातो, पण कुंपणाच्या आत काय चालतं याची कधी उत्सुकताही वाटली नव्हती. श्रीमंतांचा खेळ, चालू दे त्यांचं. असं असताना आजचा शनिवार-लेख चक्क गोल्फवर आहे. म्हणजे गोल्फवर नाही, गोल्फचं मैदान राखणाऱ्या लोकांवर. आपल्या भाषेत सांगायचं तर माळ्यांवर.

तर झालं असं, की काही वर्षांपूर्वी कंपनीने मला सहा महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं. बाकीचे लोक न्यू जर्सी, कॅलिफोर्निया वगैरे ठिकाणी गेले आणि माझ्या नशिबी आलं ओहायो राज्यातलं टोलेडो. पहिला आठवडा जेटलॅगचा. पहाटे चारला टक्क जाग. हॉटेलच्या मागेच एक गोल्फ कोर्स होता. एक दिवस खिडकीतून बघतो तर अंधारात दिवे फिरतायत. खाली जाऊन पाहिलं, तर दिवे लावलेली गवत कापायची यंत्रं! सूर्य उगवायच्या आत सात-आठ माणसं मैदानभर कामाला लागलेली. पहिला खेळाडू यायच्या आत सगळं आवरून ही मंडळी गायब. मला एकदम आपला प्रॉडक्शन सपोर्टच आठवला. सगळं नीट चाललं तर तुम्ही आहात हे कोणाच्या गावीही नसतं, आणि काही बिघडलं की पहिला फोन तुम्हालाच.

हळूहळू तिथल्या मुख्य माणसाशी ओळख झाली. साठीचा गृहस्थ. एके दिवशी तो एक पंप ट्रकवर चढवत होता. विचारलं कुठे चाललात, तर म्हणाला, शेजारच्या क्लबचा पंप रात्री बंद पडला, ऊन वर येण्याआधी पोचवतो. मी म्हटलं, "पण ते तर तुमचे कॉम्पिटिटर ना?" तो हसला. म्हणाला, "क्लब असतील एकमेकांचे कॉम्पिटिटर. आम्ही नाही." आणि वर म्हणाला, "टोलेडोत राहतोस ना? मग इथे १९२६ मध्ये काय झालं ते वाच."

वाचलं. त्याचाच हा लेख.

पण सुरुवात टोलेडोपासून नाही, स्कॉटलंडपासून करावी लागेल.

सेंट अँड्र्यूज नावाचं समुद्रकाठचं गाव, एकोणिसाव्या शतकाचा मधला काळ. तेव्हा गोल्फचं मैदान कोणी 'राखत' असे म्हणणं जरा धाडसाचंच. गवत खायला मेंढ्या आणि ससे. त्यांनी जेवढं कुरतडलं तेवढं मैदान. या गावात अ‍ॅलन रॉबर्टसन नावाचा त्या काळातला सर्वांत नावाजलेला खेळाडू चेंडू बनवायचा धंदा करत असे. कातड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून भरायची आणि शिवायचं. दिवसाला तीन-चार चेंडू झाले तरी खूप. त्यामुळे चेंडू महाग, आणि ते बनवणाऱ्याचा भाव वर. त्याच्या हाताखाली शिकत होता टॉम मॉरिस, जन्म १८२१ चा.

१८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या मलायातल्या झाडाच्या चिकाचे चेंडू आले. स्वस्त, टिकाऊ, आणि साच्यातून कोणालाही काढता येतील असे. रॉबर्टसनच्या पोटात गोळाच आला. ते चेंडू गोळा करून त्याने जाळून टाकायला सुरुवात केली असं सांगतात. एक दिवस टॉम त्याच चेंडूने खेळताना सापडला आणि गुरु-शिष्यांचं बिनसलं. (आपल्याकडे नवीन टूल आल्यावर काही सीनियर लोकांचे चेहरे कसे होतात, आठवून बघा.) पुढे काय झालं ते सांगायला नकोच. पिसांचे चेंडू आज म्युझियममध्ये आहेत.

टॉम १८५१ मध्ये प्रेस्टविकला गेला, 'कीपर ऑफ द ग्रीन' म्हणून. मैदान आखायचं, राखायचं, चेंडू आणि काठ्या बनवायच्या, सभासदांबरोबर खेळायचं, सगळं एकच माणूस. १८६५ मध्ये सेंट अँड्र्यूजने त्याला परत बोलावलं, वर्षाला पन्नास पौंडांवर. खेळाडू म्हणूनही तो थोर. ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकला. पण गोल्फच्या इतिहासात त्याचं खरं काम जमिनीवरचं आहे. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या तुकड्यावर, वाळू पसरली की गवत दाट आणि एकसारखं होतं हे त्याने ओळखलं. प्रेस्टविकला चुकून वाळूची ढकलगाडी उलटली आणि महिन्याभराने नेमकं तिथलं गवत सुधारलेलं दिसलं, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, वाळू पसरायची पद्धत मात्र आजही जगभर चालू आहे. रविवारी मैदान बंद ठेवायचा त्याचा आग्रह होता. माणसाला नसली तरी जमिनीला विश्रांती लागते, हे त्याला कळलेलं होतं.

टॉम १९०८ मध्ये गेला. तोपर्यंत हाताखालची माणसं शिकून, बघून तयार होत होती आणि त्यातली बरीच अमेरिकेला जात होती, कारण तिकडे गोल्फचं वेड पसरलेलं होतं. ही सगळी विद्या हाताची आणि तोंडाची. कुठेही लिहिलेलं नाही. बाप मुलाला सांगणार, गुरु चेल्याला सांगणार, आणि बाकीच्यांपासून लपवणार. कारण साधं आहे. मला जे येतं ते शेजारच्याला आलं, तर क्लब त्याला कमी पगारात ठेवेल!

गंमत म्हणजे अमेरिकेत जाऊन ही विद्याच निकामी झाली. स्कॉटलंडची वाळूमय किनारपट्टी, थंड हवा, रिमझिम पाऊस. आणि ओहायोचा उन्हाळा म्हणजे चिकणमाती, दमट उकाडा आणि बुरशी. रात्री हिरवंगार असलेलं ग्रीन सकाळी तपकिरी डागांनी भरलेलं. का झालं ते कोणालाच माहीत नाही. सल्ला द्यायला कोण, तर बियाणं आणि खतं विकणारे व्यापारी. म्हणजे व्हेंडरलाच विचारायचं की तुमचं प्रॉडक्ट घेऊ का.

फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबचं मैदान आखणारा ह्यू विल्सन मूळचा विम्याच्या धंद्यातला. त्याने १९११ पासून थेट अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या दोन शास्त्रज्ञांना पत्रं लिहायला सुरुवात केली. चार्ल्स पायपर आणि रसेल ओकली. दोघांचं काम गवताचं, पण गुरांच्या चाऱ्याच्या गवताचं. तरी ते मनापासून उत्तरं देत राहिले आणि हा पत्रव्यवहार कित्येक वर्षं चालला.

इथे आमचं टोलेडो पहिल्यांदा येतं. १९२० ची यूएस ओपन टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबवर होणार होती. तिथल्या मैदान समितीचा प्रमुख ई. जे. मार्शल याला तयारी करताना तोच अनुभव आला. खात्रीची माहिती कुठेच नाही. तोही पायपर-ओकलींकडे गेला, आणि मग अमेरिकन गोल्फ संघटनेच्या मागेच लागला की हे काम कायमस्वरूपी सुरू करा. त्यातून १९२० च्या नोव्हेंबरात 'ग्रीन सेक्शन' जन्माला आला. वॉशिंग्टनशेजारी आर्लिंग्टनच्या सरकारी शेतावर गवताच्या जाती लावून प्रयोग सुरू झाले. (पुढे १९४० च्या दशकात ती जमीन लष्कराकडे गेली. पेंटॅगॉन त्याच परिसरात उभं आहे.) बुलेटिन निघू लागलं. चांदीच्या डॉलरएवढे डाग पाडणाऱ्या बुरशीला 'डॉलर स्पॉट' हे नाव याच लोकांनी दिलं.

त्याच स्पर्धेतली आणखी एक गोष्ट. तोवर पोटासाठी गोल्फ खेळणाऱ्या व्यावसायिकांना क्लबच्या इमारतीत प्रवेशच नसे. कपडे बदलायचे ते बाहेर. इन्व्हर्नेसने १९२० मध्ये त्यांना दार उघडलं. खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक उंच घड्याळ भेट दिलं. ते अजून तिथेच आहे.

खेळाडूंना दार उघडलं, पण माळ्यांचं काय?

ग्रीन सेक्शन झाला तो क्लबांच्या संघटनेचा. त्यात शब्द चालायचा तो समितीच्या सभासदांचा, म्हणजे वकील, डॉक्टर, कारखानदार. मैदानावर दिवसभर राबणारा माणूस मात्र सभासदाच्या लहरीवर. ग्रीन वाळलं, नोकरी गेली. आजारी पडला, पगार बंद. मेला, तर बायको-मुलं रस्त्यावर.

ओहायोतल्या यंग्सटाउनच्या क्लबवर जॉन मॉर्ले नावाचा ग्रीनकीपर होता. लोक त्याला कर्नल म्हणत. क्लीव्हलंड भागातले ग्रीनकीपर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एकत्र भेटायला लागले होते. ते जमतंय म्हटल्यावर देशभराचा विचार सुरू झाला. १३ सप्टेंबर १९२६ या दिवशी टोलेडोजवळच्या सिल्व्हेनिया गोल्फ क्लबमध्ये साठ ग्रीनकीपर जमले आणि 'नॅशनल असोसिएशन ऑफ ग्रीनकीपर्स ऑफ अमेरिका' स्थापन झाली. मॉर्ले पहिला अध्यक्ष.

त्यांनी ठरवलेली उद्दिष्टं मला फार आवडली. एक, या कामातलं शास्त्र आणि कला पुढे न्यायची. दोन, अमेरिका आणि कॅनडातल्या ग्रीनकीपरांनी एकमेकांशी जवळीक वाढवायची. तीन, अनुभवाने मिळालेलं ज्ञान गोळा करून सगळ्यांना वाटायचं. चार, अडचणीत आलेल्या सभासदाला आणि त्याच्या कुटुंबाला मदत करायची. तिसरं आणि चौथं एकाच कागदावर आहे, हे नीट बघा. मला तरी यात एक साधा हिशोब दिसतो. गुपित ही माणसाची एकमेव विमा पॉलिसी असेल, तर तो ती कशी सोडेल? सोडायला सांगायचं असेल तर आधी दुसरी पॉलिसी द्यावी लागते. आपल्याकडे 'नॉलेज शेअरिंग' वर तासभर प्रेझेंटेशन देणारे लोक नेमकं हेच विसरतात.

मग कामाला वेग आला. जानेवारी १९२७ मध्ये 'द नॅशनल ग्रीनकीपर' हे मासिक निघालं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये शिकागोला पहिलं अधिवेशन झालं. मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयात प्रा. लॉरेन्स डिकिन्सन यांनी १९२७ मध्ये ग्रीनकीपरांसाठी हिवाळी शाळा काढली. हिवाळ्यातच का, तर तेव्हा मैदान बर्फाखाली असतं आणि माळ्याला सवड असते. ज्या माणसांनी आयुष्यात कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, ती बाकावर बसून माती, बी आणि ड्रेनेजचा अभ्यास करायला लागली.

यातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे मेरियनचा जो व्हॅलेंटाइन. इटलीतून आलेला. १९३६ मध्ये मेरियनच्या सतराव्या होलजवळ त्याला गवताचा एक छोटासा तुकडा वेगळा दिसला. रंग गडद, दाट, कमी कापूनही तग धरणारं. त्याने तो तुकडा आपल्या मैदानापुरता ठेवला असता तर मेरियनचा भाव वाढला असता. त्याने तो ग्रीन सेक्शनकडे तपासायला पाठवला. पुढे तेच 'मेरियन ब्लूग्रास' म्हणून देशभर पसरलं, घरांच्या अंगणांतसुद्धा. पेन स्टेट विद्यापीठात हिरवळीचं संशोधन सुरू व्हावं म्हणून झटणाऱ्यांमध्येही हाच. याच विद्यापीठातून १९५० च्या दशकात 'पेनक्रॉस' ही गवताची जात आली, जिने जगभरची ग्रीन्स व्यापली.

आता तुम्ही म्हणाल, वा वा, सगळं कसं छान छान. तसं नाहीये. दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

पहिली. हा आपुलकीचा गोतावळा सगळ्यांसाठी नव्हता. न्यू ऑर्लिन्सचा जोसेफ बार्थोलोम्यू हा कृष्णवर्णीय ग्रीनकीपर. कॅडी म्हणून सुरुवात केली आणि हात इतका बसला, की मेटेरी क्लबने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला मैदान आखायचं शिकायला न्यूयॉर्कला पाठवलं. परत येऊन त्याने क्लबचं मैदान उभं केलं. आणि त्याच मैदानावर खेळायची त्याला बंदी! पुढेही त्याने बांधलेल्या बऱ्याच मैदानांच्या बाबतीत तेच. १९५६ मध्ये पॉन्चरट्रेन पार्क या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्याने मैदान बांधलं, तिथे तो खेळू शकला. त्या मैदानाला १९७९ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. बायकांची गोष्टही फार वेगळी नाही. २०२१ च्या महिलांच्या यूएस ओपनला मैदान तयार करण्यासाठी तीसेक स्त्रिया एकत्र आल्या, तर त्याची बातमी झाली. म्हणजे विचार करा.

दुसरी. ज्ञान वाटलं जातं तेव्हा चुकाही वाटल्या जातात. १९२० च्या दशकात बुरशीवर पाऱ्याची संयुगं आणि किड्यांवर लेड आर्सेनेट ही औषधं याच बुलेटिनांतून, याच सभांतून पसरली. शास्त्रज्ञांनी सांगितलं, माळ्यांनी फवारलं, हातमोज्यांशिवाय. अमेरिकेत मैदानांवरचा पारा पूर्ण थांबायला १९९० चं दशक उजाडलं. साधं मोजमाप घ्या. १९३५ च्या ओपनमध्ये ओकमाँटच्या ग्रीनवरून एका कसलेल्या खेळाडूचा चेंडू घरंगळत बाहेर गेलेला पाहून एडवर्ड स्टिम्पसनने ग्रीनचा वेग मोजायची एक लाकडी पन्हळ बनवली. पन्हळ तिरपी करायची, चेंडू सोडायचा, तो किती फूट गेला ते मोजायचं. १९७० च्या दशकात अमेरिकन संघटनेने ती अ‍ॅल्युमिनियमची करून माळ्यांच्या हाती दिली. हेतू हा, की एकाच मैदानावरची सगळी ग्रीन्स सारखी आहेत ना ते त्यांना कळावं. झालं काय, तर क्लबचे सभासद आकडे एकमेकांशी ताडून बघायला लागले. त्यांचं अकरा, आपलं नऊच का? तेव्हा सर्वसाधारण ग्रीन साडेसहा फुटांच्या आसपास होतं. आज मोठ्या स्पर्धांत बारा-तेरा. गवत तीन मिलिमीटरवर आलं, आणि गवत जितकं खुरटं तितकं ते आजारी. मेट्रिक हातात आलं की साहेब लोक काय करतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको :)

पण या चुका दुरुस्त कुठे झाल्या? त्यातल्या बऱ्याचशा त्याच सभांत, त्याच मासिकांत. औषध कमी कसं वापरावं, पाणी कसं वाचवावं, सभासदांना वेगाचा नाद कसा सोडायला लावावा, यावर आज तिथेच चर्चा होते. गुपित म्हणून ठेवलेली चूक कोणीच दुरुस्त करू शकत नाही.

संघटनेचं नाव १९३८ मध्ये बदललं, १९५१ मध्ये पुन्हा बदललं, आणि 'ग्रीनकीपर'चा 'गोल्फ कोर्स सुपरिंटेंडंट' झाला. १९७१ पासून परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र सुरू झालं. साठाचे आज पंधरा हजारांच्या वर सभासद आहेत. जॉन मॉर्लेच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

आता मी हे सगळं का लिहितोय ते सांगतो.

माझ्याकडे एक टेक्स्ट फाइल होती. पहिल्या नोकरीत एका सीनियरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अरे, सगळं सांगून टाकलंस तर उद्या तुला विचारणार कोण?" ते मी मनाशी धरून ठेवलं. आमच्या सिस्टिममधला कोणता जॉब कधी अडकतो, कुठल्या टेबलात काय बदललं की सुटतो, सगळं त्या फाइलमध्ये. माझ्या लॅपटॉपवर, फक्त माझ्या. गेल्या वर्षी गणपतीला गावी निघालो होतो. कोकण रेल्वेत बोगद्यामागून बोगदे, नेटवर्क नाही. त्या रात्री जॉब अडकला. आमच्या टीमची सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी रात्रभर एकटी झुंजली आणि सकाळी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. उत्तर माझ्या फाइलमध्ये होतं. एक ओळ. परत आल्यावर ती मला काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

पंप ट्रकवर चढवणारा तो म्हातारा तेव्हा आठवला.

फाइल टीमच्या फोल्डरमध्ये टाकली. टाकताना हात जरा थांबला, खोटं कशाला बोलू. ऑफिसने चौथ्या कलमाची काही सोय केलेली नाही. उद्या माणसं कमी करायची वेळ आली तर ही फाइल मला वाचवणार नाही. चार दिवस कोणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी त्याच मुलीचा मेसेज आला, की सतरा नंबरची नोंद चुकीची आहे, त्याने जॉब सुटतो पण आदल्या दिवसाचा डेटा दोनदा जातो.

बघितलं. तिचं बरोबर होतं. तीन वर्षं मी ती चूक जिवापाड जपून ठेवली होती.

असो. तुमच्याकडेही अशी एखादी फाइल असेलच. बघा विचार करून. भेटू पुढच्या शनिवारी.